मुळशीच्या स्मृतिशिळा

पुण्याच्या चांदणी चौकातून पश्चिमेस निघाले की भूगाव, पिरंगुट, पौड ही गावे मागे टाकीत रस्ता मुळशीच्या जलाशयापाशी पोहोचतो आणि पुढे ताम्हिणी घाटाने कोकणात उतरतो. पावसाळ्यात या वाटेवर शहरातील कुटुंबांची रीघ लागते. चातुर्मासात प्रवास टाळणारी आपल्या समाजातील मंडळी दिवाळीनंतर येतात, पाण्याकाठी डबे सोडतात आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून परततात. मुळशीची ही ओळख सर्वांना आहे. या लेखात मात्र मुळशीच्या मृतांविषयी लिहावयाचे आहे. सहलीच्या ठिकाणी मृत्यूचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु बारा भावनांमध्ये अनित्य भावनेला पहिले स्थान देणाऱ्या परंपरेतील वाचकांना तो परका वाटू नये.

गेल्या वैशाखात, जलाशयाचे पाणी बरेच उतरले असताना, आम्ही दोन दिवस या परिसरातील गावांत फिरलो. मुळशी तालुका हा जुन्या मावळांचा मुलूख. पौड खोरे, मुठे खोरे ही नावे शिवकाळापासून चालत आली आहेत. घाटमाथ्यावर कोरीगड आणि घनगड हे किल्ले कोकणातून वर येणाऱ्या वाटांवर नजर ठेवून उभे आहेत. जेथे घाटवाटा तेथे व्यापार, आणि जेथे व्यापार तेथे लूट व तिचा प्रतिकार हे ओघानेच आले. त्या प्रतिकारात पडलेल्या माणसांच्या खुणा सह्याद्रीच्या या पट्ट्यात कितीतरी गावांत देवळासमोर, पिंपळाच्या पारावर किंवा शिवेवर उभ्या आहेत. त्यांना वीरगळ म्हणतात.

आपल्याकडे बहुसंख्य समाज मृतदेहाचे दहन करतो. रक्षा नदीला मिळते आणि मागे जागा अशी काही उरत नाही. गावाला स्मशान असते, पण तेथे बोट दाखवून ‘हे तुझ्या पणजोबांचे स्थान’ असे नातवाला सांगता येत नाही. म्हणूनच वीरगळाचे महत्त्व अधिक. हा दगड देहाच्या जागेवर नव्हे, तर मरणाच्या प्रसंगावर उभारलेला असतो.

आम्ही पाहिलेला एक वीरगळ कमरेएवढ्या उंचीचा होता. शतकानुशतकांच्या पावसाने त्याच्या कडा झिजल्या होत्या, तरी त्याचे चौकोनी टप्पे स्पष्ट दिसत होते. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत झुंज किंवा आडवा पडलेला वीर असतो. गावाची गुरे राखताना तो मेला असेल तर शेजारी गाईही कोरलेल्या असतात. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला हाताला धरून नेत असतात. त्याच्याही वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला दिसतो. माथ्यावर कलश आणि त्याच्या दोन बाजूंना सूर्य व चंद्र असतात. जोवर सूर्यचंद्र आहेत तोवर ही स्मृती राहो, असा त्याचा अर्थ. काही ठिकाणी त्याच्या शेजारी सतीशिळा असते. तिच्यावर कोपरात दुमडून वर उचललेला, बांगड्यांनी भरलेला हात कोरलेला असतो. त्या हाताकडे पाहताना आदरापेक्षा वेदनाच अधिक होते, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

देवळाच्या पायरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांना विचारले, “बाबा, हे वीर कोण? यांचे नाव काय?”

ते म्हणाले, “नाव कुणाला ठावं? आमच्या आज्यालाबी म्हाईत नव्हतं. पर सणावाराला निवद असतो त्यांना. गावासाठी गेलेली माणसं ती.”

या एका उत्तरात वीरगळाचे सारे सामर्थ्य आणि सारी मर्यादा आहे. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. कर्नाटकात पुष्कळ ठिकाणी वीराचे नाव, राजाचे नाव, शकवर्ष कोरलेले सापडते. आपल्याकडे केवळ चित्र. माणूस विसरला गेला आणि कृती तेवढी राहिली. याउलट स्कॉटलंडसारख्या देशात लहानशा गावच्या चर्चभोवतीच्या दफनभूमीत सामान्य शेतकऱ्याच्या, विणकराच्या, त्याच्या बालवयात गेलेल्या मुलांच्या नावांचेही दगड असतात. नाव, वय, व्यवसाय, कसत असलेल्या शेतवाडीचे नाव, सारे त्यावर कोरलेले. तेथे नाव राहते. त्या माणसाने काय केले ते बहुधा कळत नाही. स्मृती टिकवण्याचे हे दोन मार्ग आहेत.

आपल्या परंपरेने तिसरा मार्ग काढला. देहाला आत्म्याहून भिन्न मानणाऱ्या धर्मात मृतदेहाच्या जागेचे माहात्म्य असण्याचे कारण नाही. तरीही आपल्याकडे निषिधी आहेत. सल्लेखना किंवा समाधिमरण स्वीकारलेल्या साधूंच्या, साध्वींच्या आणि श्रावक-श्राविकांच्या स्मरणार्थ उभारलेले हे दगड कर्नाटकात व त्याला लागून असलेल्या दक्षिण महाराष्ट्रात आढळतात. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर तर अशा लेखांची मोठी संख्या आहे. राष्ट्रकूट वंशातील चौथा इंद्र याने इ. स. ९८२ मध्ये तेथेच सल्लेखनेने देह ठेवला. निषिधीवर झुंज नसते. खालच्या चौकटीत मरणास सिद्ध झालेली व्यक्ती हात जोडून गुरूंसमोर बसलेली असते, मध्ये ग्रंथाची ठवणी असते, आणि वीरगळावर जेथे शिवलिंग असते तेथे जिनप्रतिमा असते. रचना तीच, अर्थ मात्र वेगळा. एका दगडावर शत्रूवरचा जय आहे, दुसऱ्यावर स्वतःवरचा. अलीकडच्या काळात आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ च्या सप्टेंबरमध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना पूर्ण केली. त्या क्षेत्री जाणारा यात्रेकरू त्यांचा देह कोठे आहे हे विचारीत नाही. त्यांनी मरणाला कसे सामोरे जावे ते दाखवले, एवढ्यासाठी मस्तक लववतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्याने शस्त्र हाती घेऊन मेलेल्या माणसाच्या दगडापुढे का थांबावे? आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. गृहस्थाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे त्यांनी चार प्रकार सांगितले. मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट, घरबांधणी अशा घरकामात होणारी ती आरंभी. शेती, व्यापार, उद्योग यांत होणारी ती उद्योगी. आणि स्वतःच्या, आश्रितांच्या किंवा देशाच्या रक्षणासाठी नाइलाजाने करावी लागणारी ती विरोधी. यांतील संकल्पी हिंसेचा त्याग श्रावकाने केलाच पाहिजे. उरलेल्या तीन प्रकारांत त्याने विवेकाने वागावे, हिंसा होईल तितकी कमी करावी आणि झालेल्या हिंसेची जाणीव ठेवावी. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराची मूर्ती घडविणारा चामुंडराय हा गंग राजाचा सेनापतीच होता. गाईगुरांसाठी आणि गावासाठी उभा राहिलेला मावळातील अनाम वीर विरोधी हिंसेच्या मर्यादेत येतो. त्याला नमस्कार करताना युद्धाला नमस्कार होत नाही.

हे चार प्रकार मनात ठेवूनच मुळशीच्या पाण्याकडे पाहावयाचे आहे.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी टाटा कंपनीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात धरण बांधले. एरवी मुळेचे पाणी पुण्याकडे, भीमेकडे, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाते. धरणाने ते अडवून उलट दिशेने, सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणातील भिरा येथे उतरवले. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. त्याआधी खोपोली आणि भिवपुरी येथे अशीच वीजगृहे उभी राहिली होती. या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, रेल्वे धावली, घरे उजळली. पण धरणासाठी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ज्या जमिनी कंपनीला मिळवून दिल्या, त्यांत सुमारे ५० गावांची शेते, घरे, देवळे आणि स्मशाने होती. विस्थापितांची संख्या दहा हजारांहून अधिक होती.

त्या माणसांनी ते मुकाट्याने सोसले नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या पायावर जाऊन बसले आणि काम थांबले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे नेते होते; त्यांना सेनापती ही पदवी मिळाली ती या लढ्यामुळेच. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे प्रमुख सहकारी. बापट यंत्रांचे वैरी नव्हते. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे यंत्रशास्त्र शिकावयास गेले होते. वीज म्हणजे काय आणि तिचे मोल काय, हे त्यांना मुळशीतील कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते. त्यांचा प्रश्न एवढाच होता की ते मोल कोणी द्यावयाचे आणि देणाऱ्याला कोणी विचारले आहे काय. कंपनीने काही काळ काम थांबवले, मग पुन्हा सुरू केले. स्त्री-पुरुषांनी तुरुंगवास पत्करला. १९२४ अखेर लढा संपला आणि पाणी चढले. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर संशोधनपर ग्रंथ लिहिला. धरणाविरुद्ध झालेला हा जगातील पहिला लढा, असे त्यांनी त्याचे वर्णन केले आहे.

या इतिहासातील एक भाग व्यापारी आणि सावकारी परंपरा असलेल्या आपल्यासारख्या समाजाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. मुळशी पेट्यातील जमिनींचा मोठा भाग बाहेरच्या सावकारांकडे गहाण किंवा त्यांच्या मालकीचा होता. कसणारा मावळा एक आणि कागदावरचा मालक दुसरा. सावकारांना भरपाईची रक्कम मिळणार होती आणि ती त्यांना मान्य होण्याजोगी होती. कुळाला जमिनीवाचून दुसरे काही नव्हते. ज्याचे पैसे जमिनीत होते त्याने व्यवहार पाहिला; ज्याचे पूर्वज त्या जमिनीत होते तो उघडा पडला. लढा ढासळण्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. यात कोणा एका जातीला किंवा घराण्याला दोष देण्याचा हेतू नाही. व्यवहार कायदेशीर असला, कोणावर हात उगारला गेला नसला, तरी त्यातून दुसऱ्याचे घर बुडू शकते, एवढेच लक्षात घ्यावयाचे आहे. शास्त्रकारांनी उद्योगी हिंसा म्हणून जी सांगितली ती हीच.

उतरलेल्या पाण्याकाठी उभे राहिले असता चिखलात जुन्या भातखाचरांचे बांध रेषांसारखे दिसत होते. काही झाडांचे काळे पडलेले बुंधे होते. मावळातील पवना धरणात वाघेश्वराचे प्राचीन मंदिर दर उन्हाळ्यात पाण्याबाहेर येते आणि लोक ते पाहावयास जातात. देऊळ दगडाचे असल्यामुळे टिकते. मातीची घरे, कुडाच्या भिंती, नदीकाठचे स्मशान, तुळशीवृंदावने यांतले काही टिकत नाही. येथून निघालेली माणसे आपल्या मृतांची जागा सोबत नेऊ शकली नाहीत. त्यांच्या नव्या गावात ना वीरगळ आला, ना पार. वीरगळाला नाव नाही, पण निदान दगड आहे. पाण्याखालच्या गावांना तोही नाही.

पाणी आणि स्मरण यांचे नाते आपल्याला पावापुरीने शिकवले आहे. भगवान महावीरांच्या अग्निसंस्कारानंतर तेथील रक्षा, आणि ती संपल्यावर माती, भाविकांनी चिमूटचिमूट उचलून नेली. त्या खळग्यात पाणी साठून तळे झाले, अशी परंपरा सांगते. त्या तळ्याच्या मध्यभागी जलमंदिर आहे आणि तेथे भगवंतांच्या चरणपादुका आहेत. मुळशीचे तळे वेगळ्या रीतीने झाले. पावापुरीस लोकांनी स्मरणासाठी माती उचलली आणि पाणी मागून आले. येथे पाणी आधी आले आणि स्मरणासाठी माती उरली नाही.

येथून जवळच, मावळात पाले या गावापाशी डोंगरात एक लहान लेणे आहे. त्यात अर्हंतांना नमन करून सुरू होणारा ब्राह्मी लेख आहे आणि तो जैन लेख मानला जातो. सुमारे २ हजार वर्षांपूर्वी इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी हे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, करविले असे तो सांगतो. या डोंगरांशी आपल्या परंपरेचे नाते इतके जुने आहे. वाटसरूसाठी खडकात टाके खोदणाऱ्याचे नाव आज २ हजार वर्षांनी आपण वाचू शकतो. आणि १०० वर्षांपूर्वी ज्यांच्या शेतांवर अथांग पाणी साठले, त्यांची नावे वाचण्यास आपल्याला जुन्या सरकारी दप्तरांत शिरावे लागते.

वीरगळ विरोधी हिंसेचे स्मरण ठेवतो. रणात दोन्ही बाजूंना माणसे दिसतात, रक्त दिसते. म्हणून तेथे दगड उभा राहतो. उद्योगी हिंसेत मारणारा दिसत नाही आणि मरणारा एकदम मरत नाही. तो गाव सोडतो, मजुरीला लागतो, हळूहळू विरून जातो. म्हणून तिचे दगड उभे राहत नाहीत. पण दगड नाही म्हणून ऋण फिटत नाही. विजेचा दिवा लावून स्वाध्याय करणारे आपण सारेच त्या ऋणात आहोत. त्यावर उपाय म्हणून वीज सोडावी असे येथे सुचवावयाचे नाही. मुनींचे व्रत वेगळे, गृहस्थाचे वेगळे. पण शास्त्राने गृहस्थाला एक साधन दिले आहे, ते म्हणजे प्रतिक्रमण. चालता-फिरता नकळत दुखावल्या गेलेल्या एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांची आपण त्यात क्षमा मागतो. पृथ्वीकाय आणि अप्काय जीवही त्यातून सुटत नाहीत. मग आपल्या सोयीसाठी ज्यांचे गाव अप्कायाखाली गेले, ती हाडामांसाची माणसे त्या स्मरणातून का सुटावीत?

संवत्सरीला आपण परिचितांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. ज्यांचा परिचय नाही, ज्यांची नावे नाहीत, त्यांच्यासाठीही ते शब्द आहेत. आणि क्षमा मागितल्यावर आचरण बदलावे लागते. आज मुळशीत पुन्हा जमिनी विकल्या जात आहेत. फार्महाऊस, बंगले, विश्रामगृहे यांसाठी आपल्यातील अनेकांनी तेथे भूखंड घेतले आहेत वा घेऊ इच्छितात. व्यवहार करताना सातबाऱ्यावरच्या नावाबरोबर त्या जमिनीवर राबणारे हात कोणाचे आहेत, याची चौकशी करावी. अपरिग्रहाचा पहिला धडा तेथूनच सुरू होतो. भूखंड सपाट करताना एखादा कोरीव दगड निघाला तर तो बाजूला फेकू नये, बागेच्या शोभेसाठी उचलून आणू नये. गावकऱ्यांना विचारून गावातच उभा करावा. वीरगळाला तैलरंग फासू नये. सहलीस जाल तेव्हा मुलांना तो खालून वर वाचण्यास शिकवावे आणि गावातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या आजोबांचे मूळ गाव विचारावे. कित्येकदा उत्तर येईल, “ते पान्यात गेलं.” ते लिहून ठेवावे. आपल्या पूर्वसूरींनी ग्रंथभांडारांत पोथ्या जपल्या, त्याच निष्ठेने ही नावे जपता येतील.

घरात विजेचा दिवा लावताना क्षणभर मुळशीची आठवण झाली, तरी त्या अनाम माणसांसाठी एक स्मृतिशिळा उभी राहिली असे म्हणता येईल. ती झिजणार नाही, आणि पाण्याखालीही जाणार नाही.